नेढं

सुईच्या भोकाला आमच्याकडं नेढं म्हणतात. म्हातारीला दिसेनासं झालं की ती नातवाला हाक मारते, "ये रं, एवढा नेढ्यात दोरा घालून दे." डोंगराच्या माथ्याला आरपार भोक असलं तर त्यालाही नेढंच म्हणतात. आपल्या सह्याद्रीत अशी नेढी बरीच आहेत. रतनगडाला आहे, चौकजवळच्या इर्शाळगडाला आहे, नाशिककडं कण्हेरगडाला आहे. पण ज्याच्या पायथ्याला माझा जन्म गेला ते राजगडाचं, सुवेळा माचीवरचं.

आमची वाडी गुंजवणी नदीच्या खोऱ्यात. दारात उभं राहिलं की समोर गड. सुवेळा माची पूर्वेकडं लांब पसरलेली आणि तिच्या कण्यावर एक मोठा कातळ. लांबून हत्तीसारखा दिसतो म्हणून त्याला हत्तीप्रस्तर म्हणतात. त्या कातळात हे भोक. जवळ गेल्यावर दहा फुटांचं भरतं, पण वाडीतनं बघितलं तर ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड. काही लोक त्याला वाघाचा डोळासुद्धा म्हणतात. आमच्या आजीचं काम मात्र साधं होतं. नेढं दिसलं म्हणजे पाऊस उघडला, नेढं बुजलं म्हणजे ढग उतरले, वाळवण आत घ्या.

लहानपणी मी रोज ते बघितलं. पण वर जाऊन कधी बघितलं नव्हतं. तुम्हाला खोटं वाटेल, पण पायथ्याच्या माणसाचं असंच असतं. गुरं हरवली, कारवी तोडायची असली, पद्मावतीला नवस फेडायचा असला तर गडावर जायचं. उगीच बघायला म्हणून कोण जाणार? राब भाजायचा, लावणी, नाचणीची खुरपणी, यातनं उसंत कुणाला?

१९७५ साली मी सातवी पास झालो आणि आबांनी मला मुंबईला नेलं. नसरापूरपर्यंत चालत आणि मिळेल त्या गाडीनं, तिथनं एसटीनं पुणं, पुण्यातनं रेल्वेनं दादर. आबा लालबागजवळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. राहायला आमच्या गावकीचा गाळा. एका खोलीत अठरा-वीस माणसं. ज्याची त्याची ट्रंक भिंतीला, ट्रंकेवर वळकटी. पहिल्या पाळीची माणसं उठून गेली की तिसऱ्या पाळीची त्याच जागेवर आडवी व्हायची. जेवायला खानावळ. बाई सातारकडची, डबे पोचवायला पोरगं लागत होतं, ते मी झालो. दिवसा डबे आणि संध्याकाळी परळच्या रात्रशाळेत आठवी.

तुमच्यातल्या तरुणांना गिरणगाव म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. मुंबईत १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली, दोन वर्षांत ताडदेवला गिरणी चालू झाली. पुढं परळ, लालबाग, भायखळा, वरळी, दादर, जिकडं बघावं तिकडं चिमण्या झाल्या. त्या चिमण्यांखाली राबायला कोकणातनं, साताऱ्यातनं, कोल्हापुरातनं, आमच्या मावळातनं माणसं गेली. घाट उतरून माणूस जायचा, पण त्याची बायको, शेत आणि देव गावातच राहायचे. होळीला, गणपतीला, लावणीला तो परत यायचा. दोन्हीकडं अर्धा अर्धा. आमच्या मावळातनं शिवाजी महाराजांच्या काळात माणसं गडावर चाकरीला गेली आणि नंतरच्या काळात गिरणीत गेली, एवढाच फरक, असं आमच्या गाळ्यातला एक म्हातारा नेहमी म्हणायचा.

रात्रशाळेत इतिहासाला एक मास्तर होते. गिरगावात राहायचे, दिवसा कुठल्यातरी कचेरीत नोकरी आणि रात्री आम्हाला शिकवायचे. अंगानं किरकोळ, पण सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून डोंगरात. त्या वेळी मुंबईत डोंगर चढणाऱ्यांची मंडळं होतीच. 'गिरिविहार' तर १९५४ सालचं. मास्तरांनी एकदा राजगड शिकवायला घेतला आणि विचारलं, "राजगड कुणी पाहिलाय?"

माझा हात वर. आख्ख्या वर्गात एकट्याचा.

"कुठला रे तू?"

"गडाखालचाच, सर."

मास्तर इतके खूश झाले की खडू खाली ठेवला. "मग सांग यांना, सुवेळा माचीवरचं नेढं कसं आहे? आत बसलास कधी?"

मी म्हणालो, "न्हाई सर. खालनं रोज बघतो."

वर्ग हसला. सगळी गिरणीत, दुकानात, हातगाडीवर राबून आलेली पोरं, त्यांनाही हसायला काहीतरी पाहिजेच होतं. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "रोज बघतोस आणि गेला नाहीस? अरे, मी मुंबईहून चार वेळा जाऊन आलो." ते रागावून म्हणाले नव्हते, पण मला लागलं.

मग त्यांनी फळ्यावर गड काढला. मधे उंच बालेकिल्ला, तीन बाजूंना तीन माच्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी. म्हणाले, या डोंगराला आधी मुरुंबदेव म्हणत. महाराजांनी तो ताब्यात घेऊन बांधून काढला आणि राजगड नाव दिलं. तोरण्यावर सापडलेलं धन या बांधकामाला लागलं असं सांगतात. रायगडाच्या आधी राजधानी हीच, जवळजवळ पंचवीस वर्षं. इथं १६५९ साली सईबाई राणीसाहेब गेल्या. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा राहिले, त्या बारांत हा होता. १६६६ साली आग्र्याहून निसटून महाराज आले ते इथंच. १६७० साली राजारामांचा जन्म इथला. पुढं राजधानी रायगडाला गेली. १७०३ च्या अखेरीला औरंगजेब स्वतः फौज घेऊन या डोंगरात आला, १७०४ साली गड घेतला आणि नबीशाहगड असं नाव ठेवलं. ते नाव कागदावरच राहिलं. तीन-चार वर्षांत मराठ्यांनी गड परत घेतला.

"आणि हे नेढं कुणी पाडलं?" एकानं विचारलं.

"कुणीच नाही," मास्तर म्हणाले. "वाऱ्यानं आणि पावसानं." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमीन फाटून लाव्हा वाहिला. थरावर थर बसले, घडीच्या चपातीसारखे. त्याचा झाला काळा कातळ, बेसाल्ट. पण सगळे थर सारखे घट्ट नसतात. एखादा पोकळ, ठिसूळ. कातळ थंड होताना त्याला चिराही पडतात. माचीचा कणा मुळातच अरुंद, त्यात ठिसूळ थर लागला, चिरांत पाणी शिरलं, दोन्ही अंगांनी वारा झोंबला. दगडाचा कण न् कण सुटत गेला आणि एक दिवस दोन्हीकडचे खळगे एकमेकाला भिडले. वरचा कातळ घट्ट म्हणून तो कमानीसारखा टिकला. आता गंमत बघा, गड बांधणाऱ्यांनी ते बुजवलं नाही. माचीला चिलखती बुरूज बांधले, दुहेरी तट घातला, पण नेढं तसंच ठेवलं.

त्या रात्री गाळ्यावर आल्यावर मी आबांना म्हणालो, "आपण नेढ्यात कधी जायचं?" ते दुसऱ्या पाळीवरनं नुकतेच आले होते. केसात कापूस. म्हणाले, "जाऊ की. होळीला गेलो की जाऊ." ती होळी गेली आणि पुढच्या दोन-तीनही गेल्या. गावाला आलं की आठ दिवस कुठं संपायचे कळायचं नाही.

१९७८ ला मी दहावी झालो. मास्तर म्हणाले, पुढं शिक, मी फीचं बघतो. पण घरी बहिणीचं लग्न होतं, कर्ज होतं. आबा म्हणाले, "दहावी लई झाली. जॉबरला सांगून ठेवलंय." मी बदली कामगार लागलो. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असलं तर काम, नाहीतर परत. आबांच्याच खात्यात साचे शिकलो.

तिथं मला दुसरं नेढं भेटलं. साच्यावर धोटा असतो, इकडनं तिकडं पळणारा. त्यात सुताची कांडी. कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या अंगाला असलेल्या बारीक भोकातनं दोरा बाहेर काढायचा. हातानं काढत बसायला वेळ कुणाला? जुने लोक भोकाला तोंड लावायचे आणि श्वास आत ओढायचे, दोरा फस्सकन तोंडात. दिवसातनं किती वेळा ते मोजलं नाही. दोऱ्याबरोबर कापसाची बारीक धूळ छातीत. आबांनी सत्तावीस वर्षं ते केलं. हवेत तर कापूस होताच. सोमवारी सुट्टीनंतर कामावर आलं की छाती जास्त दाटायची, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्याला डॉक्टरी नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

१८ जानेवारी १९८२. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. पगारवाढ पाहिजे होती, बदलीवाल्यांना कायम करायला पाहिजे होतं आणि ज्या १९४६ च्या कायद्यानं एकाच युनियनला बोलायचा हक्क दिला होता तो जायला पाहिजे होता. वाटलं होतं, दोन महिने, फार तर तीन. भोंगा बंद झाला तेव्हा लालबागमधे पहिले काही दिवस झोपच लागायची नाही, इतकी शांतता. मग गाळे रिकामे व्हायला लागले. माणसं गावाकडं निघाली. खानावळवाल्या बाईनं चार महिने उधारीवर जेवू घातलं आणि पदर डोळ्याला लावून खानावळ बंद केली.

आबा आणि मी मे महिन्यात वाडीला आलो. गावानं वाईट वागवलं नाही. कुणी भात दिलं, कुणी नाचणी. पण आमच्या वाट्याला जमीन किती? दीड एकर खाचरं आणि वरची वरकस. दोन माणसं वाढली, पगार गेला.

वर्ष गेलं. गिरणीकडनं कागद यायला लागले, कामावर हजर व्हा म्हणून. काही लोक गेले. मला वाटलं आपणही जावं. मी बावीस वर्षांचा, पुढं आयुष्य पडलेलं. आबा म्हणाले, "संप मागं घेतला का? न्हाई ना. मग गेटात पाऊल टाकायचं न्हाई. चार माणसांत तोंड दाखवायचंय." मी थांबलो. ज्या दिवशी कळलं की आता बदलीवाल्यांना कुणी विचारत नाही, त्या दिवशी अंगणात, आईच्या देखत मी बोललो. "तुमच्यापायी माझी शाळा गेली. तुमच्यापायी गिरणी गेली. आता तुमच्यापायी काय जायचं राहिलंय?"

आबा काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले. त्यानंतर तीन महिने आमचं बोलणं कामापुरतं. बैल सोड, पाणी तोड, एवढंच.

१९८३ च्या दसऱ्याच्या आसपास आमची गाभण गाय घरी आली नाही. दोन दिवस वाट बघितली. आबा म्हणाले, "सुवेळाकडं चढली असंल. चल." मी कोयता घेतला आणि मागं निघालो. गुंजवणे दरवाजाकडं जाणारी जुनी वाट, त्या वेळी कारवीनं पार दाटलेली. पुढं ते, मागं मी, बोलणं नाही. अर्ध्या वाटेवर ते थांबले. मग पन्नास पावलांवर परत थांबले. मग पंचवीसवर. छातीतनं आवाज यायला लागला, भाता फुटल्यासारखा. एका सपाटीवर आंब्याचं झाड होतं, तिथं बसले. तिथनं नेढं समोर दिसतं.

म्हणाले, "तू जा. नेढ्यातनं बघ, दोन्ही अंगं दिसत्यात. गाय तिकडं असंल तर कळंल."

मी गेलो. दरवाज्यातनं माचीवर, तटाकडेनं हत्तीप्रस्तरापाशी. कातळावर हातापायांनी चढावं लागतं, फार नाही, पण खाली बघवत नाही. आणि मी आत शिरलो. पहिलं काय जाणवलं तर वारा. अंगातला सदरा फाटतो की काय असा. अलीकडं आमचं गुंजवणीचं खोरं, पोपटी-पिवळी खाचरं, आमच्या घराचं कौलारू छप्पर. पलीकडं वेळवंडीचं खोरं आणि भाटघर धरणाचं लांबच लांब पाणी. पश्चिमेला तोरणा, उत्तरेला सिंहगड. ज्या भोकाला मी बावीस वर्षं ज्वारीचा दाणा समजत होतो त्यात मी उभा होतो आणि वर आणखी चार हात जागा होती. मास्तरांची आठवण झाली. आता कुणी विचारलं तर हात वर करता येईल, असं वाटलं आणि माझं मलाच हसू आलं. कोण विचारणार होतं?

गाय पलीकडच्या उतारावर होती. व्यालेली. वासरू चाटत उभी.

तिला घेऊन वळसा घालून आंब्यापाशी यायला दुपार कलली. वासरू माझ्या खांद्यावर. आबा तसेच बसलेले. वासराच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाले, "तू आत हुबा ऱ्हायलास तवा उजेड बुजला. मला वाटलं, ढग आला का काय. मग तू हललास, तवा कळलं, आपलं पोरगं हाय."

मी गप्प.

मग बऱ्याच वेळानं, वाटेकडं बघत म्हणाले, "मास्तर म्हणत हुता फीचं बघतो. मी नको म्हणलं. दुसऱ्याचं मिंधं व्हायचं न्हवतं. तुला शाळंतनं काढाय नको हुतं."

एवढंच. मला त्यावर काहीतरी बोलायला पाहिजे होतं. अंगणात जे बोललो ते मागं घ्यायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "चला, अंधार पडंल." उतरताना त्यांनी माझ्या खांद्याला धरलं. एका खांद्यावर वासरू, एका खांद्यावर त्यांचा हात. तेवढंच माझं उत्तर झालं. त्यांना ते पोचलं असेल असं मी धरून चालतो.

आबा पुढं पाच वर्षं जगले. शेवटची दोन वर्षं ओसरीवर बसून. श्वास लागला की बोलायचे नाहीत, नेढ्याकडं बघत बसायचे. १९८८ च्या पावसाळ्यात गेले. संप कुणी रीतसर मागं घेतलाच नाही, त्यामुळं त्यांच्या हिशेबानं ते शेवटपर्यंत संपावरच होते.

मी शेतीतच राहिलो. राजगडावर मुंबई-पुण्याची पोरं वाढत गेली तशी त्यांना वाट दाखवायला लागलो, रात्री पिठलं-भाकरी करून घालायला लागलो. त्यात गिरगावची, दादरची, परळची पोरं पुष्कळ. लालबागचा एखादा निघाला की मी चाळीचं नाव विचारतो, तो दचकतो. गडाचा इतिहास मी त्यांना फळ्यावरचाच सांगतो, मास्तरांचा. मास्तरांना मी परत भेटलो नाही. एकदा गिरगावात शोधायला गेलो होतो, चाळीच्या जागी पत्रे लावलेले होते.

जगात मोठमोठ्या नैसर्गिक कमानी आहेत. अमेरिकेत युटा म्हणून राज्य आहे, तिथं वालुकाश्मात अशा कमानींचं एक मोठं रानच आहे. तिरुपतीला गेलो तेव्हा तिरुमलेच्या डोंगरावर देवळाजवळ शिलातोरण बघितलं, तीही निसर्गानं केलेली कमान. चांगली आहे, भोवती कुंपण आहे. पण तिच्यातनं माझं छप्पर दिसत नाही.

माझा मुलगा आता लोअर परळला एका काचेच्या इमारतीत नोकरीला आहे. त्या इमारतीखाली पूर्वी गिरणी होती. राहायला तो बदलापूरला, दोन तास जायला आणि दोन तास यायला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी आबांच्या नावानं आम्ही अर्ज भरलाय. नंबर अजून लागायचाय.

मागच्या थंडीत नात आली होती. सहावीत आहे. तिला घेऊन सुवेळावर गेलो. रविवार होता. नेढ्याखाली रांग, प्रत्येकाला आत बसून फोटो पाहिजे. मला आता चढताना दम लागतो, मी खालीच तटाला टेकलो. ती आत गेली, वाऱ्यानं केस उडाले, ओरडली, "आजोबा, आपलं घर दिसतंय!" मागचे लोक म्हणाले, बाळ, आवर लवकर. ती उतरली.

येताना आंबा दाखवला. आता तिथं लिंबू सरबताची टपरी आहे. तिला म्हणालो, तुझे पणजोबा इथं बसले होते. तिनं विचारलं, "ते वर का नाही आले?"

मी म्हणालो, "त्यांना दम होता."

"मग तुम्ही त्यांना हात धरून का नाही नेलं?"

दोन सरबतं घेतली आणि तिला सगळं सांगितलं. धोटा, कांडी, तोंडानं ओढलेला दोरा, भोंगा, संप. आणि अंगणात मी काय बोललो तेही. घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं ऐकून घेतलं. संध्याकाळी ओसरीवर बसून ती बराच वेळ गडाकडं बघत होती. माणसं उतरली होती. नेढ्यातला उजेड स्वच्छ दिसत होता.